आवतन दिलेला बैल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार ज्या व्यक्तीचे आहेत, तिची माझी पहिली भेट मोजून सहा दिवसांची. कोराडीच्या पलीकडच्या एका खेड्यातली ती शेतकरीण, शिक्षण चौथी पास. आईवडिलांचे उपकार आहेतच, दोन वर्षं मला आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या गणिताच्या गुरुजींचेही आहेत. पण त्या सगळ्यांनी मला डॉक्टर होण्यापर्यंत आणून पोचवलं. डॉक्टर झाल्यावर तीन महिन्यांच्या आत मी एक बैल मारणार होतो, आणि तो या बाईनं मला मारू दिला नाही.

ही गोष्ट सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची. मी नागपूरच्या गुरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजातून नुकताच पास झालो होतो. चांद्याकडच्या आमच्या गावात पदवीधर दोनतीन होते, पण आमच्या घरात मी पहिला, गल्लीत पहिला, आणि नात्यात थेट मावशीच्या जावेच्या माहेरापर्यंत शोधलं तरी मीच पहिला. निकाल कळला तेव्हा बाबांनी पेपर उलटा धरून तो सगळ्या गल्लीला दाखवला. कॉलेजच्याच दवाखान्यात मला काही महिन्यांची उमेदवारी मिळाली. गांधीबागेतून कापड घेऊन मी दोन पांढरे कोट शिवायला टाकले. शिंप्यानं माप घेता घेता विचारलं, "लगीन आहे का?"

मी म्हटलं, "त्याहून मोठं आहे."

स्टेथोस्कोप मिळाला त्या आठवड्यात मी जे दिसेल त्याला तो लावला. खोलीतल्या सोबत्याला लावला, पाण्याच्या माठाला लावला, सायकलच्या ट्यूबलाही लावला. घरी गेलो तर अर्धी गल्ली शर्टाची बटणं सोडून ओट्यावर बसली. सगळ्यांची छाती ऐकून झाल्यावर मी म्हशीची ऐकायला लागलो, तेव्हा आईनं दारातून विचारलं, "काय म्हणते?"

"बरी आहे म्हणते."

"मग आज दूध काहून कमी देल्लं, तेबी विचार."

दवाखान्यात शस्त्रक्रियेचे प्रमुख असलेले आमचे सर उंचीनं कमी आणि आवाजानं जास्त होते. त्यांची कामाची एक पद्धत होती. जनावराला भूल देण्याआधी त्याला भूल सोसेल का, हे एका माणसानं तपासायचं आणि चिठ्ठी लिहायची. वजन किती, हृदय कसं, श्वास कसा, हिरड्यांचा रंग कसा, पोट रिकामं आहे का. मग पाच पायऱ्यांपैकी एक पायरी ठरवायची. पहिली म्हणजे ठणठणीत जनावर. दुसरीत दुखणं आहे, पण अंगावर बसलेलं नाही. तिसरीपासून जपून चालायचं आणि चौथीला घरच्यांना नीट समजावून सांगायचं. पाचवी म्हणजे भूल द्या नाहीतर देऊ नका, आशा थोडीच. शेवटी लिहायचं, 'भूल देण्यास योग्य', आणि खाली सही.

"एकदा तुझी सही झाली की मी पुन्हा पाहणार नाही," सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "मीच पुन्हा पाहायचं तर तू कशाला? सुरी माझी. पण जनावर आपल्या पायावर घरी जाईल की नाही, हे त्या चिठ्ठीवर."

दोन महिने मी दुसऱ्यांच्या सहीखाली चिठ्ठ्या लिहिल्या. पायऱ्या माझ्या डोक्यात इतक्या बसल्या की मी माणसांनाही त्या लावायला लागलो. मेसचा महाराज दुसरी पायरी, पोटामुळे. चौकीदार तिसरी, जिना चढताना धाप लागते. वॉर्डन चौथी, पण घरच्यांना सांगणार कोण! खोलीतला सोबती पुन्हा परीक्षेला बसत होता, तो रोज सकाळी पहिल्या पायरीवर असे आणि पुस्तक उघडलं की पाचवीवर. माझी स्वतःची पायरी मी ठरवली नव्हती. त्या दिवसांत मी जमिनीवरच नव्हतो.

अशात एका सकाळी ती दोघं नवराबायको बैल घेऊन आली. गवळाऊ जातीचा पांढराशुभ्र बैल, डोळे काजळ घातल्यासारखे. मान एका बाजूला कललेली, मधूनच तो डोकं झटकत होता.

"पंधरा दिवसांपासून मान झटकून राहिला, साहेब," शेतकरी म्हणाला. "आन या बाजूच्या नाकातून रगत येते."

सरांनी उजवं शिंग हळूच हलवून पाहिलं. ते बुडाशी सैल झालं होतं. शिंगाचा कॅन्सर. आमच्या भागातल्या बैलांना तो होतोच. शिंग मुळापासून काढलं तर बैल वाचतो, राहू दिलं तर दुखणं डोक्यात शिरतं.

"जोडी आहे का?" मी विचारलं.

"आहे ना जी. पन दुसरा याच्याबिगर जुवाखाली मान देत नाई. दुसरा कोनी संग लावला तं खाली बसून जाते."

"मानसापक्षा बरे आहेत," त्याची बायको म्हणाली. "हे तं लग्नाले बी एकटे जातेत."

"अवं, दवाखाना आहे हा," नवरा म्हणाला.

"मंग? डॉक्टरले सगळं सांगा लागते म्हणे."

मला ती त्याच क्षणी आवडली. पदर डोक्यावर, पण नजर सरळ. मी बैल तपासायला घेतला तेव्हा ती माझ्या मागे मागे फिरत होती. टेपनं मी छातीचा घेर मोजला आणि त्यावरून वजन काढलं. हृदय ऐकलं, आगगाडीसारखं नेमानं चाललं होतं. छाती मात्र मी दोनदा ऐकली. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांची राख त्यांच्या गावावर उतरायची, बैलाच्या पाठीवर हात फिरवला तर बोटं करडी व्हायची. ती राख फुप्फुसात किती बसली असेल हा प्रश्न होता. पण श्वास स्वच्छ होता. मी मोठ्यानं जाहीर केलं, "दुसरी पायरी!"

"म्हंजे पास का?" तिनं विचारलं.

"पास!"

सर म्हणाले, "या बैलाची चिठ्ठी तुझ्या सहीनं. दिवसही तूच ठरव."

माझी पहिली सही! मी रजिस्टर उघडलं. शनिवार मोकळा होता. रजिस्टरच्या वर, माझ्या नाकासमोर, दिनदर्शिका लटकत होती. शुक्रवारच्या चौकोनात अमावास्येचा काळा गोळा होता. मी तो पाहिला नाही. शेतकऱ्याचा मुलगा, पण श्रावणाची अमावास्या आली तरी माझ्या डोक्यात फक्त शनिवार.

"शनिवारी सकाळी आणा," मी म्हटलं. "आणि नीट ऐका. शुक्रवारी सकाळपासून चारा बंद. कडबा नाही, हिरवं नाही, ढेप-पेंड नाही, सरकी नाही. संध्याकाळपासून पाणीही नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पन साहेब," शेतकरी म्हणाला, "शुक्रवारी तं..."

"पण-बिण काही नाही!" आणि मी त्यांना सगळं पुस्तक ऐकवलं. बैलाच्या डाव्या कुशीत मोठं पोट असतं, तिथं चारा आंबतो, त्याचा गॅस होतो. उभा बैल तो ढेकरेनं बाहेर टाकतो. भूल देऊन आडवा पाडला की ढेकर बंद. पोट ढोलासारखं फुगतं, छातीवर दाब येतो, श्वास कोंडतो. नाहीतर पोटातलं वर येऊन श्वासनळीत जातं. दोन्हीकडून बैल जातो. बोलताना मी इतका रंगलो की हातानं ढोलही वाजवून दाखवला.

दोघांनी सगळं ऐकलं. मग ती म्हणाली, "म्हंजे चारा नाई द्याचा."

"अजिबात नाही."

"बरं. चारा नाई देत."

मी खूश झालो. किती समजूतदार माणसं!

शुक्रवारी पोळा होता. दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या आमच्या ड्रेसरनं मला आपल्या घरी जेवायला नेलं. रस्त्यात सजवलेले बैल, गळ्यात घुंगरांच्या माळा, शिंगांना बेगड. मला गावची आठवण आली, मन भरून आलं, आणि मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या. वाढताना ड्रेसरची आई म्हणाली, "आज बैलाचा दिवस." तेव्हा मला आमच्या बैलाची आठवण झालीसुद्धा. मी ड्रेसरला अभिमानानं म्हटलं, "उद्याचा आपला बैल बिचारा आज उपाशी असेल, बघ. पण माणसं पक्की आहेत."

"पक्की आहेत," ड्रेसर म्हणाला आणि त्यानं पाचवी पोळी वाढून घेतली. त्यालाही काही सुचलं नाही.

शनिवारी सकाळी मेटाडोरमधून बैल उतरला तो नवरदेवासारखा. डाव्या शिंगाला लाल-हिरवा बेगड, उजव्या दुखऱ्या शिंगाला मऊ कापड गुंडाळलेलं. अंगावर गेरूचे ठसे. त्याच्याकडे पाहून मला इतका आनंद झाला की मी त्याला हात जोडले. मग तपासणीचे प्रश्न लिहिलेलं कार्ड काढून विचारायला लागलो.

"चारा दिला?"

"नाई जी."

"ढेप, सरकी?"

"हात नाई लावू देला," ती म्हणाली.

"पाणी?"

"सांजपासून थेंब नाई."

मी खुणा करत गेलो. हृदय उत्तम, श्वास उत्तम, हिरड्या गुलाबी. डाव्या कुशीत मूठ दाबून पाहिली. जरा भरल्यासारखी लागली, पण बैलाचं ते पोट उपासानंही पूर्ण रिकामं होत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं, आणि त्या दिवशी मला पुस्तकातलं तेवढंच वाक्य आठवलं. तोंड उघडून पाहिलं तर छान वास आला. जायफळाचा, वेलचीचा. मला वाटलं, यांच्या शिदोरीतून येतो आहे. मी लिहिलं, 'भूल देण्यास योग्य', आणि खाली सही केली. सही इतकी लांब झाली की कागदाच्या बाहेर टेबलावर गेली.

ड्रेसर आणि दोन माणसं बैलाला आत घेऊन गेली. मी ओसरीवर उभा राहून माझ्या सहीची शाई वाळायची वाट पाहत होतो. तेवढ्यात ती जवळ आली.

"डॉक्टर, एक विचारू?"

"विचारा की."

"नैवेद्य चालते ना?"

"कोणाला?"

"त्याले."

"अवं चूप ना!" नवरा घाईनं म्हणाला. "चिठ्ठी झाली आता."

"तुमी चूप राहा. त्या दिशी या डॉक्टरनं तुमाले बोलू नाई देल्लं, तं तुमी गपच झाले. आता मले बोलू द्या." ती माझ्याकडे वळली. "तुमी चारा म्हणले, चारा नाई देला. ढेप म्हणले, ढेप नाई देली. पन परवा सांजी आम्ही त्याची खांद शेकली. तूप-हयद लावली आन आवतन देलं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' आता आवतन देऊन त्याले उपाशी ठेवाचं का जी? वर्षाचा एक दिवस त्याचा."

माझ्या आईनं हेच शब्द आमच्या बैलांना दरवर्षी म्हटले होते. मी तिच्या शेजारी तुपाची वाटी धरून उभा असे.

"पुरणपोळ्या किती खाल्ल्या?"

"एक."

मी श्वास सोडला. "एकच?"

"घरची एकच."

"घरची म्हणजे?"

"मंग वेशीचं तोरन तुटून पोळा फुटल्यावर दारोदार फिरला ना तो. सगळ्यायनं पाय धुतले, ओवायलं. दुखण्यातला आहे, उद्या शिंग जाते त्याचं, म्हणून जरा जास्तच लाड झाले."

"किती घरं?"

तिनं बोटांवर घरं मोजली. विहिरीकडची, मग देवळाकडची, मग नाल्यापलीकडची. "एकवीस."

"बावीस," नवरा म्हणाला. आता तोही मोकळा झाला होता. "शाळेच्या मास्तरीनबाईनं बी देली."

"सगळ्यांनी एकेक?"

"नाई जी," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "सरपंचाच्या घरी दोन."

"आन वडे?" नवऱ्यानं विचारलं. "वडे बी मोजाचे का?"

मी आतल्या दाराकडे धावलो. दारापर्यंतची ती वीस पावलं मला अजून आठवतात, कारण त्यात मी दोन माणसं होतो. एक म्हणत होता, पोळ्या चोवीसच तर आहेत, एवढ्या मोठ्या बैलाला त्यांचं काय? पहिलीच सही खोटी ठरली तर सर काढून टाकतील. घरी बाबांनी अख्ख्या गल्लीला पेपर दाखवला आहे. दुसऱ्याला मात्र चांगलं माहीत होतं की डाळ, गूळ आणि कणीक चाऱ्यापेक्षा कितीतरी जोरात आंबते.

आत बैलाच्या अंगावर दोर चढले होते. सरांच्या हातात मोजे होते. भुलेची बाटली वर टांगली होती, सुई तेवढी मानेत जायची राहिली होती. बैलानं मला पाहिलं आणि एक छोटी, सुखाची ढेकर दिली. सगळ्या ऑपरेशन थिएटरात जायफळ दरवळलं.

"सर, थांबा!" मी ओरडलो. "जेवलाय!"

"कोण?"

"बैल!"

"काय जेवला?"

"पुरणपोळी, सर. चोवीस. शिवाय वडे."

ड्रेसरनं हळूच माझ्याकडे पाहिलं. त्याच्याही डोळ्यासमोर कालचं ताट आलं असावं.

"या चिठ्ठीवर सही कोणाची आहे?" सरांनी विचारलं.

"माझी."

"आणि थांबवतो कोण?"

"मीच, सर."

सरांनी मोजे काढले. "दोर सोडा," ते म्हणाले, आणि ओसरीवर त्या बाईसमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हिला बोलणार. सर म्हणाले, "बाई, पोळीवर तूप होतं?"

"असं कसं विचारता जी! बिनतुपाची कोनी देते का?"

सर हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग मोठा आवाज बाहेर पडला. ड्रेसर हसला, शेतकरी हसला. मी तेवढा रडायच्या बेतात होतो. सरांनी माझी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. "रडू नको. दुपारपर्यंत याच्यापासून हलायचं नाही. आणि तुझी चूक काय झाली, ते मला संध्याकाळी सांग. बैलाची नको, तुझी."

दुपारी बाराच्या सुमाराला बैलाची डावी कूस वर यायला लागली. मी टिचकी मारली तर ढोलाचा आवाज आला. अगदी तसाच, जसा मी हातानं वाजवून दाखवला होता. या वेळी हा बैल भुलेत आडवा असता! मी आणि ड्रेसरनं मिळून बांबूच्या नळीतून जवसाचं तेल पाजलं. अर्धं बैलाच्या पोटात गेलं आणि अर्धं माझ्या नव्या कोटावर. मग त्याला आवारात फिरवायला लागलो. पुढे मी, मागे शेतकरी, बाजूनं ती, कुशीवर हातानं चोळत. एक फेरी, दोन फेऱ्या, दहा फेऱ्या. इतर जनावरांचे मालक ओसरीवरून पाहत होते.

"काय झालं जी याले?" कोणीतरी विचारलं.

"पाव्हना आहे," ती म्हणाली. "जरा जास्त जेवला."

अकराव्या की बाराव्या फेरीला बैल थांबला. त्यानं मान लांब केली. मी स्टेथोस्कोप कुशीला लावला. आत पावसाळी ढगासारखं गडगडलं, आणि मग जी ढेकर आली ती मला अजून ऐकू येते. लांब, खोल, वेलचीयुक्त. ओसरीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बैलाच्या गळ्यात पडलो. कोटावर तेल होतंच, आता गेरूही लागला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "आता काय म्हणते तो?"

"सुटलो म्हणतो!"

संध्याकाळी मी सरांना माझी चूक सांगितली. "मी प्रश्न माझ्या पुस्तकातले विचारले, सर. त्यांच्या घरातले नाही. आणि ते सांगत होते तेव्हा मी त्यांना बोलू दिलं नाही." सरांनी मान हलवली, चार दिवसांनंतरचा दिवस दिला आणि बैलाला दवाखान्यातच ठेवून घ्यायला सांगितलं.

उपासाच्या दिवशी बैलावर पहारा तिचा होता. गोठ्यासमोर ती काठी घेऊन बसली. पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळाही नुकताच उरकलेला, लोकांच्या मनात बैलांबद्दल माया ओसंडत होती. कोणी मूठभर हिरवं गवत घेऊन आलं की तिची काठी आडवी. कोणी म्हणालं, "अवं, एकच घास," की तिचं उत्तर तयार, "असेच बावीस घरवाले होते." दुपारी मी गेलो तर तिनं मलाही अडवलं.

"हात दाखवा, डॉक्टर."

मी दोन्ही हात पालथे-उताणे करून दाखवले.

"खिसा?"

खिशात माझ्यासाठी घेतलेली दोन केळी होती. तिनं ती काढून घेतली आणि नवऱ्याला दिली. त्यानं जागच्या जागी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा कार्ड काढलं, पण आधी तिला विचारलं, "तुम्ही डॉक्टर असतात तर काय विचारलं असतं?"

तिनं थोडा विचार केला. "मी विचारलं असतं, कालपासून याच्या तोंडात कोनाकोनाचा हात गेला?"

मी तो प्रश्न कार्डाच्या अगदी वर लिहिला आणि विचारला. ती म्हणाली, "कोनाचाच नाई." मग मी सगळं पहिल्यापासून तपासलं. कूस मऊ होती. तोंडाला कसलाच वास नव्हता. सही केली, या वेळी अगदी छोटी. सरांनी चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. हात पुढे केला आणि सुई मागितली.

ते शिंग निघालं. दीड तास मी बैलाच्या डोक्याशी बसून श्वास मोजत होतो. भूल उतरायला लागली तेव्हा त्यानं आधी कान हलवला, मग जीभ आत घेतली, मग पोटावर सावरून बसला. थोड्या वेळानं मागचे पाय उचलले, डुगडुगला आणि उभा राहिला. दारातून ती पाहत होती. तिनं बोटं कानशिलावर मोडून त्याची दृष्ट काढली. मग माझ्याकडे पाहिलं आणि माझीही काढली.

वर्ष पुरं व्हायच्या आत मला भंडाऱ्याकडे एका दवाखान्यात नोकरी लागली. श्रावणात एक पोस्टकार्ड आलं. अक्षर मोठं, गोल, चौथी पासचं. बैल एका शिंगानं नांगर ओढतो, जोडीदार आता मान देतो, आणि 'पोयाले या, आवतन आहे' एवढाच मजकूर होता. मी त्याच दिवशी उत्तर पाठवलं. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे, ती अशी:

"ताई,

तुमचं आवतन पोचलं. मी येतो.

इथं माझ्या टेबलावर काचेखाली एक कार्ड आहे. त्यावर सगळ्यात वर तुमचा प्रश्न आहे. गेल्या आठवड्यात एका बकरीच्या मालकिणीला तो विचारला, तर तिच्या नातवानं बकरीला सकाळीच बिस्किटांचा पुडा भरवला होता हे कळलं. बकरी आज ठणठणीत आहे. इथले लोक म्हणतात, नवा डॉक्टर हुशार आहे. मी त्यांना सांगतो की हा प्रश्न माझा नाही, कोराडीकडच्या एका डॉक्टरीणबाईंचा आहे. तुमचं नाव सांगत नाही.

त्या दिवशी तुम्ही गप्प राहू शकला असतात. तुमचे मालक गप्प राहा म्हणत होते, माझी चिठ्ठी झाली होती, आणि आवतन दिल्याबद्दल शहरातले लोक हसतील अशी भीतीही असेल. तरी तुम्ही विचारलं. तुम्ही विचारलं नसतं तर बैल गेला असता, आणि मला वाटतं, मीही परत गावी गेलो असतो. सरांनी माझी ती पहिली चिठ्ठी निरोपाच्या दिवशी मला परत दिली. त्यावर त्यांनी माझ्या लांब सहीशेजारी लिहिलं आहे, 'थांबवली, म्हणून योग्य.' ती मी आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, त्या बाईले माझं लुगडं दे. ते घेऊन येतो आहे.

बैलाला माझ्या हातची एक पोळी द्यायची परवानगी असावी. या वेळी त्याचं ऑपरेशन नाही, मी दिनदर्शिका तीनदा पाहिली आहे. सरपंचांना सांगा, त्यांनी यंदाही दोन द्याव्यात.

माझ्यासाठी मोजू नका. मी आदल्या दिवसापासून चारा, ढेप, सरकी सगळं बंद करून येतो आहे.

तुमचा,
दुसऱ्या पायरीचा डॉक्टर"